न मागितलेल्या सेवांचे पैसे मोबाइल बॅलन्समधून कापले जातात तेव्हा: बंद कसे करायचे, परत कसे मिळवायचे

बॅलन्स अचानक कमी झाला की बहुतेक जण कस्टमर केअरला फोन लावतात आणि ‘जे काही चालू असेल ते बंद करा’ असं सांगून मोकळे होतात. सेवा बंद होतेही. पण पैसे परत मागायची वेळ येते तेव्हा ती सेवा कोणती होती, कधी सुरू झाली, किती वेळा पैसे गेले, यातलं काहीच हाताशी नसतं. बंद करणं आणि परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याची तयारी पहिल्याच्या आधी करावी लागते.

आधी पाहा, पैसे गेले कुठून

बँकेतून पैसे गेले असतील तर रस्ताच वेगळा. ओटीटी, गेम किंवा कर्जाच्या ॲपने यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर मँडेट (ठराविक काळाने आपोआप पैसे कापायची परवानगी) घेतलेलं असतं. ते यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेट विभागातून किंवा बँकेकडून रद्द करावं लागतं. मोबाइल कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. हा लेख मेन बॅलन्समधून किंवा पोस्टपेड बिलातून जाणाऱ्या पैशांबद्दल आहे.

मेन बॅलन्समधली प्रत्येक कपातही लबाडीची नसते. तक्रार करण्याआधी पुढच्या गोष्टी वगळून घ्या, नाहीतर पहिल्याच फोनवर तोंडघशी पडाल.

दहा रुपयांच्या टॉपअपवर ७ रुपये ४७ पैसे मिळतात. उरलेले जीएसटी आणि प्रोसेसिंग फीचे असतात. यूपीआय ॲप नव्याने चालू करताना नंबर पडताळायला फोनमधून एक एसएमएस जातो, त्याचे दीड रुपयाच्या आसपास लागू शकतात. दिवसाचे १०० मोफत एसएमएस संपले की पुढच्या प्रत्येकाला पैसे पडतात. टीव्हीवरच्या स्पर्धेला मत देण्यासाठी पाच आकडी नंबरवर पाठवलेला एसएमएस पॅकमध्ये धरला जात नाही. अनोळखी परदेशी नंबरच्या मिस्ड कॉलला उलट फोन केला असेल तर आयएसडीचा दर लागतो. मागे कधी टॉकटाइम लोन घेतलं असेल तर पुढच्या टॉपअपमधून ते सेवाशुल्कासह वसूल होतं. आणि नव्वद दिवस न वापरलेल्या प्रीपेड सिममध्ये वीस रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर नंबर आणखी तीस दिवस चालू ठेवण्यासाठी कंपनी वीस रुपये कापते. ही नियमातलीच सोय आहे, तक्रारीचा विषय नाही.

यातलं काहीच बसत नसेल आणि रोज एक-दोन, आठवड्याला पाच-दहा किंवा महिन्याला तीस-पन्नास रुपये ठराविक अंतराने जात असतील, तर ती सबस्क्रिप्शन घेतलेली मूल्यवर्धित सेवा आहे, म्हणजे व्हॅस. ज्योतिष, क्रिकेट स्कोअर, जोक, कॉलर ट्यून, गेम, व्हिडिओ असं काहीतरी. सेवा चालवणारी कंपनी तिसरीच असते. मोबाइल कंपनी तिच्या वतीने पैसे गोळा करते आणि आपला वाटा ठेवते.

कपातीची रक्कम दर वेळी सारखीच असेल असं मात्र धरू नका. बॅलन्समध्ये तीस रुपये नसतील तर बऱ्याच सेवांची यंत्रणा खालच्या पायरीवर उतरते: महिन्याऐवजी आठवड्याचे दहा, तेही नसतील तर एका दिवसाचे पाच किंवा तीन. शून्य बॅलन्स असेल तर ती थांबून राहते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. टॉपअप मारल्या मारल्या पैसे जातात ते यामुळे. दुकानदाराने कमी रिचार्ज मारला असं वाटून त्याच्याशी भांडण होतं, ते विनाकारण.

बंद करण्याआधी पुरावा

यासाठी दहा मिनिटं पुरतात. सेवा सुरू झाल्याचा आणि पैसे कापल्याचा एसएमएस शोधा. सेवेचं नाव, शुल्क, मुदत आणि बंद करण्याचा मार्ग त्यात असायला हवा. तो जाहिरातीच्या एसएमएसच्या ढिगात किंवा फोनच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन बसलेला असतो, म्हणून तिथेही बघा. तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. कीपॅड फोन असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो.

मग कंपनीच्या ॲपमध्ये व्यवहारांचा इतिहास उघडून प्रत्येक कपातीची तारीख आणि रक्कम वहीत उतरवा. मागचे सहा महिने तपासा. आज दिसलेली कपात पहिलीच असेल असं नाही. ॲप वापरत नसाल तर प्रीपेड ग्राहकालाही वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे मागच्या सहा महिन्यांतला तपशील कंपनीने अर्जानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. स्टोअरमधला मुलगा ‘प्रीपेडला बिल नसतं’ म्हणेल. लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

पोस्टपेडमध्ये पहिल्या पानावरची एकूण रक्कम पाहून काही कळत नाही. आतल्या पानांवर ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस’, ‘थर्ड पार्टी’ किंवा ‘कंटेंट’ असं शीर्षक शोधा. तिथल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागलेला असतो. म्हणजे ४९ रुपयांची सेवा दिसली तरी खिशातून ५७ रुपये ८२ पैसे गेलेले असतात. परतावा मागताना करासकट आकडा लिहा.

बंद करणे: १५५२२३

सगळ्या मोबाइल कंपन्यांसाठी हा एकच नंबर आहे आणि तो मोफत आहे. ज्या नंबरवरून पैसे जात आहेत त्याच नंबरवरून ‘स्टॉप’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून १५५२२३ वर एसएमएस करा, किंवा तिथे फोन करा. एकापेक्षा जास्त सेवा चालू असतील तर उत्तरात यादी येते; हवा तो क्रमांक उलट पाठवायचा. यादीतली एकच बंद केली आणि काम झालं समजून फोन खिशात ठेवला, ही नेहमीची चूक. सेवा सहसा जोडीने असतात, कारण एकदा चुकून होकार देणारा नंबर पुढच्या जाहिरातीचं पहिलं गिऱ्हाईक असतो. यादी रिकामी येईपर्यंत पाठवत राहा.

बंद झाल्याचा एसएमएस आल्याशिवाय सेवा बंद झाली असं धरू नका. तोही जपून ठेवा, कारण त्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तुमची बाजू भक्कम होते.

एसएमएस जातच नसेल तर बहुधा ड्युअल सिमचा घोळ असतो. फोनने संदेश दुसऱ्याच सिममधून पाठवलेला असतो आणि ‘आपल्या नंबरवर कोणतीही सेवा नाही’ असं उत्तर येतं. पाठवताना सिम निवडा. कॉल केला असेल आणि यंत्र भलत्या भाषेत बोलत असेल तर आधी भाषा बदलून घ्या. न समजता आकडे दाबत गेलात तर एखादी नवी सेवा गळ्यात पडू शकते.

आणखी एक गैरसमज. १९०९ वर डीएनडी नोंदवलं म्हणजे ही कपात थांबेल असं अनेकांना वाटतं. डीएनडी जाहिरातीचे फोन आणि संदेश अडवण्यासाठी आहे. आधीच सुरू झालेली सेवा त्याने बंद होत नाही. तरी डीएनडी करून घ्याच, नवीन गळ टाकणारे फोन कमी होतात.

होकार दिला कधी?

‘मी काहीच केलं नाही’ असं ग्राहक म्हणतो, ‘तुमच्याच फोनवरून झालं’ असं कंपनी म्हणते, आणि बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. ट्रायच्या जुलै २०१३ च्या निर्देशाप्रमाणे अशी सेवा एका होकारावर सुरू करता येत नाही. पहिल्या होकारानंतर सेवेचं नाव, शुल्क आणि मुदत दाखवून दुसरी संमती घ्यावी लागते, आणि ती तिसऱ्या संस्थेच्या मालकीच्या संमती यंत्रणेतून नोंदली जावी लागते. त्यामुळे प्रश्न ‘मी काही दाबलं का’ हा नाही. ‘दुसऱ्या संमतीची नोंद दाखवा’ हा आहे.

पैसे जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत.

मोबाइल डेटा चालू असताना ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं की काही पानांना तुमचा नंबर विचारावाच लागत नाही. कंपनीचं नेटवर्कच तो कळवतं. व्हिडिओवरचं ‘प्ले’, जाहिरात बंद करायची फुली, ‘पुढे जा’ अशा दोन ठिकाणी बोट लागलं की दोन्ही होकार पूर्ण. वाय-फायवर हीच पानं नंबर आणि ओटीपी मागतात, कारण तिथे त्यांना नंबर कळत नाही. लहान मुलांच्या हातात फोन देताना मोबाइल डेटा बंद आणि वाय-फाय चालू, एवढं केलं तरी ही वाट बुजते.

सिमच्या मेनूतून उगवणारे पॉप-अप कीपॅड फोनवर जास्त सतावतात. पडद्यावर मध्येच ‘आजचं राशिभविष्य? ओके’ असं येतं, खिशात बटण दाबलं जातं. हे बंद करायला फोनमधलं ‘सिम टूलकिट’ किंवा कंपनीच्या नावाचं सिम ॲप उघडा. एअरटेलमध्ये ‘एअरटेल नाऊ’, व्हीआयमध्ये ‘फ्लॅश’, बीएसएनएलमध्ये ‘बझ’ असा पर्याय मिळेल. त्यात शिरून ‘स्टॉप’ किंवा ‘डीॲक्टिव्हेट’ निवडा. आई-वडिलांच्या फोनमध्ये हे आजच करून टाका. तोपर्यंत पॉप-अप आला तर ओके न दाबता लाल बटण किंवा बॅक दाबायला सांगा.

कॉलर ट्यूनच्या बाबतीत दुसऱ्याला फोन लावल्यावर ‘ही ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा’ ऐकू येतं. फोन कानाला असताना गालाने स्टार दाबला जाऊ शकतो. ट्यून काहींच्या पॅकमध्ये फुकट असते, काहींना महिन्याचं शुल्क पडतं, म्हणून शुल्क न वाचता होकार देऊ नका.

प्ले स्टोअरमधून घेतलेलं गेमचं नाणं किंवा ॲपचं सबस्क्रिप्शन मोबाइल बिलावरही चढू शकतं. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलवर जाऊन ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. ‘सबस्क्रिप्शन्स’मधून चालू असलेलं रद्द करा आणि ‘पेमेंट मेथड्स’मधून मोबाइल कंपनीचं बिलिंग काढून टाका. नुसतं ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ही खरेदी १५५२२३ च्या यादीत दिसेलच असं नाही, आणि परतावाही गूगलकडे मागावा लागतो. खरेदीपासून ४८ तासांच्या आत मागितलात तर मिळण्याची शक्यता बरीच. त्याच सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे लबाड ॲप. ‘जोकर’ किंवा ‘ब्रेड’ नावाने ओळखला जाणारा मालवेअर वॉलपेपर, स्कॅनर, कीबोर्ड, मेसेंजर अशा साध्या ॲपच्या रूपात येतो, मागच्या मागे सबस्क्रिप्शनचं पान उघडतो, आलेला ओटीपी स्वतःच वाचतो आणि होकार देऊन मोकळा होतो. या घराण्यातली सतराशे ॲप प्ले स्टोअरवरून हटवल्याचं गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं, आणि त्यानंतरही नवी येतच राहिली. सेवा बंद केल्यावर आठवडाभरात दुसरीच चालू झाली, तर संशय इथे घ्या. सेटिंग्जमध्ये एसएमएस वाचण्याची आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा; टॉर्चच्या किंवा वॉलपेपरच्या ॲपला ती लागायचं कारण नाही. ॲप काढा, प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टचं स्कॅन चालवा. मग ‘ॲप्स’, त्यात ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, त्यात ‘प्रीमियम एसएमएस ॲक्सेस’ उघडून तिथे दिसणाऱ्या ॲपला ‘नेव्हर अलाव’ करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा मेनू वेगळ्या जागी असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रीमियम’ टाका.

ज्या सिमकडे कोणी बघत नाही

डोंगल, घरचा फोर-जी राउटर, सीसीटीव्ही, गाडीचा ट्रॅकर आणि शेतातल्या मोटरचा मोबाइल स्टार्टर, या सगळ्यांत सिम असतं आणि त्यावर आलेले एसएमएस वाचायला माणूस नसतो. मोटर फोनवरून चालू होईनाशी होते, शेतकरी स्टार्टर खराब झाला म्हणून मेकॅनिक बोलावतो, आणि खरं कारण बॅलन्स संपणं हे असतं. असं सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, साठलेले एसएमएस वाचा, १५५२२३ ची यादी रिकामी करा, १९०९ वर डीएनडी करा.

स्टार्टरसारखं जे उपकरण फक्त कॉल आणि एसएमएसवर चालतं, त्याच्या सिमवरचा डेटाही बंद करता येतो: ‘स्टॉप’ लिहून १९२५ वर एसएमएस. हा नंबरही मोफत आहे आणि ‘स्टार्ट’ पाठवून डेटा परत चालू होतो. पॅक नसताना डेटा वापरला जाऊन बिल फुगण्याची भीती असलेल्या घरच्या वयस्क माणसांच्या सिमलाही हाच उपाय. ट्रॅकर आणि राउटरवर मात्र तो करू नका, ती यंत्रं डेटावरच चालतात.

अनलिमिटेड पॅक वापरणाऱ्यांना मेन बॅलन्सची फारशी गरज पडत नाही. तो शून्य ठेवला तर कापायला काही उरत नाही. पण क्वचित वापराच्या सिमवर हे अंगलट येतं. नव्वद दिवसांनंतर नंबर टिकवायला लागणारे वीस रुपये त्यातूनच जातात. अशा सिमवर बॅलन्स ठेवा आणि यादी रिकामी ठेवा.

पैसे परत मागणे

सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत ‘मी ही मागितली नव्हती’ असं कळवलंत तर कापलेले पैसे परत द्यायचे असतात. म्हणून एसएमएस दिसला त्याच दिवशी फोन करा, रविवारची वाट बघू नका. २४ तास उलटले म्हणून सगळं संपत नाही. संमतीच नसेल तर कपात चुकीची ती चुकीचीच. फक्त मग वाद घालावा लागतो.

फोन १९८ वर करा. तो तक्रारीचा मोफत नंबर आहे. १२१ माहितीसाठी आहे आणि तिथे प्रतिनिधीशी बोलायला पैसे पडू शकतात. सर्च करून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’च्या दहा आकडी नंबरवर कधीही नको. परतावा देतो म्हणून ओटीपी मागणारा किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावणारा भामटा असतो. परताव्यासाठी यातलं काहीच लागत नाही, कारण तो प्रीपेडला बॅलन्समध्ये आणि पोस्टपेडला पुढच्या बिलात जमा होतो.

फोनवर गोष्ट सांगत बसू नका. पुढचा मजकूर वाचून दाखवा, आणि हाच ईमेलनेही पाठवा:

‘माझ्या अमुक नंबरवर अमुक नावाची सेवा अमुक तारखेला माझ्या संमतीशिवाय सुरू झाली. अमुक तारखांना एकूण इतके रुपये कापले गेले. सेवा कोणत्या माध्यमातून सुरू झाली, पहिल्या आणि दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ आणि नोंद मला द्यावी. नोंद नसल्यास करासह पूर्ण रक्कम परत करावी. तक्रारीचा डॉकेट क्रमांक एसएमएसने पाठवावा.’

डॉकेट क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘सर, बंद केलं आहे’ म्हणजे तक्रार नोंदली असं नाही; तो क्रमांक नसेल तर पुढची एकही पायरी चढता येत नाही. दहा-वीस रुपये असतील तर बरेचदा इथेच पैसे परत येतात. त्याऐवजी डेटा पॅक देऊ केला तर घ्यायचा की नाही हे तुमच्यावर, पण तीन महिन्यांची कपात असताना एक जीबीवर मिटवून घेऊ नये. पोस्टपेडमध्ये वादाची रक्कम बाजूला ठेवून उरलेलं बिल मुदतीत भरण्याची तयारी लेखी कळवा. सगळंच बिल अडवलं तर दंड लागतो, आउटगोइंग बंद होतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. याला शुल्क नाही, अर्ज ईमेलनेही चालतो आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. पत्ता ट्रायच्या टीसीसीएमएस पोर्टलवर कंपनी आणि सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) निवडून मिळतो. इथे एक खोच आहे: मुंबई हे वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. तुम्ही पुण्यात राहत असलात तरी नंबर मुंबईचा असेल तर मुंबई सर्कलच निवडायचं. ट्रायकडे थेट वैयक्तिक तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नका. ती संस्था एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून देते.

अपीलही फसलं तर दूरसंचार विभागाकडे सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून तक्रार करता येते. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद करून ठेवा. तिथून कंपनीच्या वरच्या टेबलावर कागद जातो आणि लहान रकमा चटकन सुटतात.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही, असा आक्षेप कंपन्या वर्षानुवर्षे घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो फेटाळला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पन्नास रुपयांसाठी कोणी तिथे जात नाही हे कंपनीलाही ठाऊक असतं. पण एकाच घरातल्या चार नंबरांवर वर्षभर कपात झाली असेल, तर कपातीच्या रकमेसोबत मनस्ताप आणि खर्चाची भरपाईही मागता येते. अर्जाला जोडायचे कागद: सेवा सुरू झाल्याचा आणि बंद झाल्याचा एसएमएस, सहा महिन्यांचा तपशील किंवा बिलं, डॉकेट क्रमांक, अपिलाची प्रत, आणि संमतीची नोंद मागितल्याचा ईमेल. त्या ईमेलला कंपनीने उत्तर दिलं नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.